अर्जंट म्हणजे किती अर्जंट?

लाल उद्गारचिन्ह लावून आलेल्या मेलची एक गंमत असते. ती उघडायच्या आधीच सांगता येतं की आत कुठलीही तारीख नसणार. सब्जेक्टमध्ये 'अर्जंट', पहिल्या ओळीत 'व्हेरी अर्जंट', शेवटच्या ओळीत 'प्लीज ट्रीट धिस ॲज अर्जंट', आणि या तीन अर्जंटांच्या मध्ये सँडविचसारखं काम बसलेलं. कधीपर्यंत हवंय? पत्ता नाही. नाही झालं तर काय बिघडेल? पत्ता नाही. मग आपण काम करून रात्री साडेनवाला मेल टाकतो, आणि उलट उत्तर येतं, 'आउट ऑफ ऑफिस टिल मंडे.' आयटीत पाच वर्षं काढलेल्या कुणालाही हे अनुभव मी काय सांगणार! तुमच्याकडे माझ्यापेक्षा भारी किस्से असतील.

या अर्जंटची पिलावळही मोठी आहे. ऑन प्रायॉरिटी, टॉप प्रायॉरिटी, क्रिटिकल, शो-स्टॉपर, ईओडी. ईओडी म्हणजे दिवस संपायच्या आत, पण कुणाचा दिवस? न्यूयॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले पहाटेचे अडीच किंवा साडेतीन, तेही तिकडे उन्हाळा आहे की हिवाळा यावर. आणि सगळ्यात लाडका 'असॅप'. काही लोक त्याची अक्षरं सुटी उच्चारतात, ए-एस-ए-पी, आणि काही 'असॅप' असा एकच शब्द करून आपल्यावर फेकतात. हा मूळचा अमेरिकी सैन्यातला, १९५० च्या दशकातला. नीट वाचलं तर किती सभ्य आहे बघा, 'जमेल तितक्या लवकर'. जमणं-न जमणं करणाऱ्याच्या हातात ठेवलंय! पण ऑफिसात 'असॅप' ऐकून कुणी 'मला गुरुवारपर्यंत जमेल' असं म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. शब्दाचा अर्थ एक आणि वापर बरोबर उलटा.

मग अर्जंटचा तरी मूळ अर्थ काय? डिक्शनरी उघडली. लॅटिनमध्ये एक क्रियापद आहे, 'उर्गेरे'. अर्थ दाबणे, रेटणे, ढकलणे. तिथून फ्रेंच, आणि फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजी. म्हणजे या शब्दात मुळात घड्याळ नाहीच. वेळेचा काही संबंध नाही. त्यात आहे तो फक्त रेटा. मागून कुणीतरी दाबतंय, एवढंच तो सांगतो. दाबणारा कोण आणि का दाबतोय, हे सांगायची जबाबदारी शब्दाने घेतलेलीच नाही. हे वाचल्यापासून मला त्या मेलचा राग येणं जरा कमी झालं. बिचारे शब्द अगदी बरोबर वापरत होते की!

(एक उगाचचा योगायोग. आपला 'अर्ज' अरबीतून आलेला, त्याचा या लॅटिन उर्गेरेशी काडीचाही संबंध नाही. पण अकोल्याच्या कुठल्याही कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे लोक 'अर्जंट अर्ज' असं एका दमात म्हणायचे तेव्हा मला लहानपणी वाटायचं की जो पटकन अर्ज करतो तो अर्जंट. असो.)

मराठीत यासाठी शब्द कमी नाहीत, आणि ते एकमेकांच्या जागी बसतही नाहीत. निकड ही गरजवंताची. तातडी ही कामाची. घाई ही माणसाची, आणि तिच्यात थोडा ठपका आहेच, उगीच नाही आई 'घाई करू नकोस' म्हणायची. 'निकड करू नकोस' असं कुणी म्हणत नाही. लगबग ही लग्नघरातली. ताबडतोब हा हुकूम. अर्जंटने या सगळ्यांना एका पोत्यात भरलं. सरकारी पत्रांवर वरच्या कोपऱ्यात 'तातडीचे' लिहायची पद्धत आहे, त्याचं पुढे 'अति तातडीचे' झालं, 'अत्यंत तातडीचे' झालं. शेवटी कुणातरी शहाण्या माणसाला 'कालमर्यादित' हा शब्द सुचला असणार. तो मला फार आवडतो. रुक्ष आहे, पण निदान काळाचं नाव तरी घेतो.

आता आमच्याकडची गोष्ट. मी अकोल्याचा. शाळा-कॉलेज अकोल्यात, इंजिनिअरिंग अमरावतीला, नोकरी अर्थातच पुण्याला (वऱ्हाडातल्या इंजिनिअरची ही ठरलेली पाइपलाइन आहे). वऱ्हाडात अर्जंट हा शब्द 'आर्जंट' असा होऊन पार घरचा झालाय. गांधी रोडला काय किंवा अमरावतीत राजकमल चौकात काय, फोटो स्टुडिओच्या बोर्डावर 'अर्जंट फोटो' हे लिहिलेलं असायचंच. तिथे अर्जंट म्हणजे घाई नव्हे, अर्जंट म्हणजे दर. साधे फोटो परवा, अर्जंट फोटो आज, आणि मधला फरक रुपयांत. शिंप्याकडे तेच, लाँड्रीत तेच. हा वापर मला अगदी प्रामाणिक वाटतो. ज्याला घाई आहे त्याने तिची किंमत मोजावी. ऑफिसात प्रत्येक अर्जंटला पाठवणाऱ्याच्या खिशातून शंभर रुपये कापले असते तर मेलबॉक्स दुपारपर्यंत रिकामा झाला असता.

टेलिफोन खात्यालाही हे कळलं होतं. एसटीडी सगळीकडे पोचायच्या आधी ट्रंक कॉल बुक करताना तीन प्रकार असायचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे आणि लाइटनिंगला त्याच्याही कितीतरी पट. त्यामुळे लाइटनिंग कॉल आला की घरातले आधी खुर्चीवर बसून घ्यायचे आणि मग रिसीव्हर उचलायचे, असं आजी सांगायची. तारेचं तर विचारूच नका. तारेवर अर्जंट लिहायची गरजच नसायची, तारवाला दारात दिसला की बायका आधीच रडायला लागायच्या. मग भले आत 'मुलगा झाला' असं का असेना! १५ जुलै २०१३ पासून ती सेवाच बंद झाली. आता आजोबा गेल्याची बातमी आणि पिझ्झ्यावरची सूट एकाच 'टिंग' आवाजात येतात.

आणि 'आर्जंट'चा दुसरा वऱ्हाडी उपयोग म्हणजे सुटका. पारावर गप्पा रंगल्यात, कुणीतरी वर्गणीचा विषय काढतो, की लगेच एक जण उठतो. "चाल येतो बावा, जरा आर्जंट काम आलं." सगळ्यांना माहीत असतं की काम नाही. तो पुढच्या टपरीवर चहा पिताना दिसला तरी कुणी त्याला विचारत नाही. 'मला इथून जायचंय' हे न दुखावता सांगायचा तो एक संकेत आहे. राहता राहिला तिसरा उपयोग, करंगळी वर करून केला जाणारा. त्याच्या खरेपणाबद्दल मला कधीही शंका आलेली नाही :)

आता थोडं टेक्निकल. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण सोडू नका, कारण आपल्या धंद्यातल्या लोकांनी हा शब्द थेट इंटरनेटच्या पायात पुरून ठेवलाय. टीसीपीच्या हेडरमध्ये पूर्वीपासूनचे सहा फ्लॅग आहेत. त्यातला पहिला 'यूआरजी', म्हणजे अर्जंट. सोबत सोळा बिटांचा 'अर्जंट पॉइंटर'. कल्पना अशी की टेलनेटवरून दूरच्या मशीनवर काहीतरी चालू आहे, ते अडकलं, तुम्ही 'थांब' म्हणून कळ दाबली. आता हा 'थांब' रांगेतल्या सगळ्या बाइट्सच्या मागे उभा राहिला तर काय उपयोग? म्हणून फ्लॅग लावायचा, की बाबा, पुढे काहीतरी अर्जंट येतंय, ते आधी वाच.

हे लिहिलं गेलं १९८१ साली, आरएफसी ७९३ मध्ये. आणि गंमत म्हणजे त्याच दस्तऐवजात दोन ठिकाणी दोन वेगळी विधानं आहेत. एकीकडे म्हणतात की पॉइंटर अर्जंट डेटाच्या शेवटच्या बाइटवर बोट ठेवतो, दुसरीकडे म्हणतात की त्याच्या पुढच्या बाइटवर. एका बाइटचा फरक! म्हणजे अर्जंट नेमकं कुठे संपतं यावरच एकमत नाही. १९८९ मध्ये आरएफसी ११२२ ने निकाल दिला की शेवटचा बाइट. पण तोवर बहुतेकांनी कोड उलटा लिहून ठेवला होता आणि तो तसाच राहिला. १९९७ मध्ये 'विननुक' नावाचं एक टारगट प्रोग्रॅम निघालं. विंडोज ९५ च्या १३९ नंबरच्या पोर्टवर असा अर्जंट डेटा फेकला की समोरच्याची स्क्रीन निळी! अखेर २०११ मध्ये आरएफसी ६०९३ आली. तिने पॉइंटरचा अर्थ प्रत्यक्ष वापराप्रमाणे बदलला आणि सल्ला दिला की नव्या ॲप्लिकेशननी ही सोय वापरूच नये. तीस वर्षं जगभरच्या हुशार लोकांनी विचार केला आणि उत्तर आलं, अर्जंट वापरू नका. मी हे आमच्या मॅनेजरला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग, पण ते डिप्लॉयमेंट अर्जंट आहे."

प्रोटोकॉलचं जाऊ द्या. ज्या कामाला खरोखर वेळेची धार असते असं काम मी सगळ्यात आधी पाहिलं ते संगणकावर नाही, शेतात. आमचं मूळ गाव अकोला जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, माना गावाजवळ, मूर्तिजापूर तालुक्यात. काकाजी तिथे राहतात. (आमच्याकडे काकांना काकाजीच म्हणतात, पुण्यातल्या मित्रांना ते हिंदी सिनेमातल्यासारखं वाटतं.) त्यांच्या बोलण्यात अर्जंट हा शब्द क्वचित येतो. त्यांचा शब्द 'वाफसा'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमची जमीन काळी, चिकण. पाऊस पडला की लगेच तिच्यात तिफण घातली तर फणाला चिखलाचे गोळे बसतात, बी नीट पडत नाही. फार थांबलं तर वरचा थर वाळून कडक होतो. या दोन्हीच्या मध्ये काही थोडे दिवस असे येतात की मातीतलं जादा पाणी निचरून गेलेलं असतं आणि ओल मात्र असते. हाताने मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर फुटतो. हा वाफसा. या दिवसांत गावात कुणी कुणाला लग्नाची पत्रिकासुद्धा द्यायला जात नाही. पण वाफसा यायच्या आधी गडबड केलीत तर? कृषी खातं आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दर जूनमध्ये कानीकपाळी ओरडतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि पावसाने ओढ दिली की बी जळतं, आणि दुबार पेरणी. म्हणजे बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि बहुतेक वेळा कर्ज पुन्हा. (काही जण पावसाआधीच कोरड्यात कपाशी लावतात, धूळपेरणी म्हणतात तिला. काकाजी तिला जुगार म्हणतात आणि अधूनमधून स्वतःही खेळतात.)

या सगळ्यात रेटा कुणाचा आहे? कुणाचाच नाही. माती कुणाला मेल पाठवत नाही. वेळ मातीतच आहे, आणि ती ओळखणं हे काम. मला वाटतं की अर्जंट आणि वाफसा यांत फरक असेल तर तो हाच. एकात मागून ढकलणारा माणूस आहे, दुसऱ्यात समोर उघडलेलं दार आहे, जे आपोआप बंद होणार आहे.

हे एवढं सरळ मला तेव्हा सुचलं नव्हतं. सुचलं ते २०१८ च्या ऑगस्टनंतर.

डवरणीचे दिवस होते. काकाजी संध्याकाळी शेतातून आले, बैल बांधले, ओट्यावर चहाला बसले आणि कप हातातून सुटला. पुन्हा धरायला गेले, पुन्हा सुटला. वहिनी (माझ्या चुलतभावाची बायको, गावात आशा म्हणून काम करते) समोर होती. तिने पाहिलं की तोंडाची एक बाजू उतरलीय. तिने त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले. डावा हात वर येऊन हळूच खाली आला. काकाजी म्हणाले, जीभ जड झालेली, पण म्हणाले, "आर्जंट काई नाई. दिवसभर उन्हात होतो ना. पायटे पाहू."

सगळ्यांनाच ते पटण्यासारखं होतं. दुखत तर काहीच नव्हतं. पॅरालिसिसच्या झटक्याचं हेच वाईट, तो बहुतेक वेळा दुखत नाही. हार्ट ॲटॅकमध्ये माणूस छाती धरून ओरडतो तरी, इथे माणूस शांतपणे सांगतो की झोपलो की बरं वाटेल.

वहिनीने घड्याळ पाहिलं. नंतर अमरावतीच्या एका हॉस्पिटलला फोन लावला, आणि ती काय बोलली ते भावाने मला जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यालाही ते विचित्र वाटलं होतं. ती म्हणाली, "सासरे आहेत, वय चौसष्ट. सहा वाजता नीट बोलत होते. सहा वाजून दहा मिनिटांनी तोंड वाकडं झालं, डावा हात पडला. आम्ही मान्याहून निघतोय. तुमच्याकडे सिटी स्कॅन चालू आहे का आत्ता?" बस. अर्जंट नाही, लवकर करा नाही, रडणं नाही.

हे असंच का सांगायचं ते मी नंतर वाचलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं एक इंजेक्शन आहे. ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच द्यायचं. आधी ही मर्यादा तीन तास होती, २००८ मधल्या एका मोठ्या चाचणीनंतर ती साडेचारवर आली. आणि घड्याळ सुरू कुठून करायचं, तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'काय होतंय' इतकाच 'कधी नीट होते' हाही असतो. कुणाला सकाळी उठल्यावर झटका आलेला दिसला तर घड्याळ आदल्या रात्री झोपल्यापासून धरावं लागतं, म्हणजे 'पायटे पाहू' म्हटलं की इंजेक्शनचा विषय बहुधा संपलाच. स्कॅन आधी लागतो, कारण गुठळीऐवजी रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. २००६ मध्ये एका अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने हिशोब मांडला होता, मोठ्या रक्तवाहिनीच्या अशा झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. आम्ही सर्व्हरच्या डाउनटाइमचे पैसे मोजतो तसा तो हिशोब. फक्त इथे बॅकअप नसतो.

शेजाऱ्याच्या जीपमध्ये काकाजींना मागे आडवं केलं. मान्याहून अमरावती चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पण तेव्हाचा तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सहा, आताचा ५३. चौपदरीकरण सुरू झालेलं, थांबलेलं, अर्धवट उखडलेलं. एका बाजूला मुरमाचे ढीग, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढे खड्डे, मध्ये ट्रकांची रांग. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी आणि रस्ता एकच दिसायचा. पाऊण तासाच्या अंतराला त्यांना एक तास चाळीस मिनिटं लागली. आठ वाजून दहाला ते हॉस्पिटलच्या दारात होते, स्कॅन झाला, गुठळीच निघाली, आणि नऊच्या आत इंजेक्शन दिलं. घड्याळात अजून दीड तासाहून अधिक शिल्लक होते.

मी पुण्याहून दुसऱ्या दिवशी पोचलो. काकाजी उशीला टेकून बसले होते आणि नर्सला सांगत होते की चहात साखर कमी आहे. बोलणं महिनाभरात जवळजवळ पूर्वीसारखं झालं. डाव्या हाताची पकड मात्र आली नाही पूर्ण. अजूनही बादली ते उजव्या हातानेच उचलतात आणि सोयाबीनच्या सोंगणीला विळ्यापासून लांब बसून फक्त सूचना देतात.

वहिनीचं ते फोनवरचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. आमच्या टीममध्ये प्रॉडक्शन बंद पडलं की पहिली दहा मिनिटं 'अर्जंट, अर्जंट' यातच जातात. आता मी इशू उघडणाऱ्याला विचारतो की शेवटचं नीट कधी चालत होतं? पोरांना आधी हा प्रश्न खवचट वाटायचा. पण लॉगमध्ये कुठून बघायचं ते त्याच उत्तरातून कळतं, आणि निम्म्या वेळा असंही निघतं की गेले तीन आठवडे ते चालतच नव्हतं, फक्त आज कुणाच्या तरी साहेबांनी पाहिलं.

आता रस्त्याचं. तो किस्सा सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही, कारण पुढे त्याच रस्त्याने जगात नाव काढलं. जून २०२२. अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना, बरोबर आमच्याच पट्ट्यात, राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरीकरण सुरू केलं आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबवलं. एका लेनच्या हिशोबाने ७५ किलोमीटर, १०५ तास ३३ मिनिटांत, न थांबता. पाळ्यापाळ्यांनी ७२० माणसं राबली. ३६,६३४ टन डांबरमिश्रित खडी, त्यात २,०७० टन डांबर. गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २०१९ चा, सुमारे २५ किलोमीटरला दहा दिवस. नितीन गडकरींनी प्रमाणपत्राचे फोटो टाकले, आमच्या शाळेच्या ग्रुपवर फटाक्यांच्या इमोजींचा पाऊस पडला.

मला खरंच अभिमान वाटला, आणि त्याच वेळी पोटात कुठेतरी चमत्कारिकही वाटलं. हा रेटा कुणाचा? रेकॉर्डचा म्हणावं तर हो, एरवी १०५ तास सलग काम कोण करतं. पण तेवढंच म्हणणं त्या ७२० जणांवर अन्याय होईल. ती गरम खडी थंड व्हायच्या आत पसरून तिच्यावर रोलर फिरलाच पाहिजे, आणि तारीख बघा, मृगाच्या तोंडावरची. पाऊस सुरू झाला की डांबराचं काम बंद. म्हणजे तिथेही एक वाफसाच होता, फक्त उलटा, ओल यायच्या आतला.

त्यानंतरच्या दिवाळीत मी अकोल्याहून गाडीने गावी गेलो आणि काकाजींना घेऊन त्याच रस्त्याने अमरावतीला तपासणीसाठी निघालो. गाडी सपाट पळत होती. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पाच दिवसात झाला म्हंतेत हा?"

"हो काकाजी, पाच दिवसही नाही पूर्ण."

"मंग इतके वर्सं काऊन नाई केला?"

मी त्यांना समजावून सांगायला लागलो. की पाच दिवसांत झाला तो वरचा थर. त्याखाली भराव, मुरूम, खडीचे थर, दबाई, पूल, मोऱ्या, हे आधी लागतं. खडी फोडून साठवावी लागते, डांबर गरम करायचे प्लांट उभे करावे लागतात, टिप्पर, रोलर, माणसं, त्यांचं जेवण, पाळ्या, सगळं ठरवून ठेवावं लागतं. ते सगळं तयार असेल तरच पाच दिवस. आणि त्याच्याही आधी कामं अडतात, कंत्राटं सुटतात, पैसा अडकतो, त्यात वर्षं जातात. हे शेवटचं मी जरा हळू आवाजात सांगितलं, कारण त्या वर्षांमधली एक संध्याकाळ आम्हा दोघांच्याही डोक्यात होती.

काकाजींनी ऐकून घेतलं. "म्हंजे पेरणीवानीच," ते म्हणाले. "नांगरटी, वखरटी उन्हायाभर. पेरणं दोन दिवसाचं." थोडं थांबून म्हणाले, "पर आमी उन्हायात बसून नाई राहत नं बावा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बडनेरा आलं होतं, पुढे ट्रॅफिक लागला, आणि त्यांनी विषय सोयाबीनच्या भावावर नेला. तो अमरावतीचं हॉस्पिटल येईपर्यंत काही संपला नाही.